मागच्या खणातली रेकॉर्ड

आमच्या घरात माझं नाव नऊ ठिकाणी रंगवलेलं होतं. चार मोठ्या खोक्यांवर, दोन भोंग्यांवर, मशीनच्या पेटीवर, रेकॉर्डच्या ट्रंकेवर आणि ओटीवर टांगलेल्या पत्र्याच्या पाटीवर. 'जयवंती साऊंड सर्व्हिस, जूचंद्र.' माझा जन्म झाला त्याच सुमारास बाबांनी मिठागरावरचं काम सोडून हे सामान घेतलं, म्हणून नाव माझं. लहानपणी मला त्याचा फार अभिमान होता. टेम्पो गावातून निघाला की खोक्यांवरची पिवळी अक्षरं उन्हात चमकायची आणि मी मैत्रिणींना म्हणायची, "बघ, मी चालले." पुढे सतरा-अठराव्या वर्षी तेच नाव मला वेगळं दिसू लागलं. गुराच्या पाठीवर मालकाची खूण असते तसं. फरक एवढाच, की इथे खूणही माझी होती आणि बांधलेलीही मीच होते.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सामान राहायचं आणि उरलेल्या जागेत आम्ही. खोकी भिंतीला लावून ठेवलेली असत आणि त्यांच्यावर आई पापड, सुकट, वालाच्या शेंगा, काय वाटेल ते वाळत घालायची. बाबा ओरडायचे, "अगो, स्पीकर हाय तो, खळा नाय!" आई हात न थांबवता म्हणायची, "वाजत नसल तवा खळाच." मी अभ्यास करायची तो खोक्याला पाठ टेकून. पहाटे आई तांदळाची भाकरी थापायची तो आवाज, तव्यावरच्या सुक्या बोंबलाचा वास, आणि बाबा तुटलेल्या तारेला डाग लावत असले तर त्यात मिसळणारा कथलाचा धूर, हे सगळं एकत्र आलं की माझ्या मनात 'घर' हा शब्द उमटतो. विरारच्या माझ्या फ्लॅटमध्ये तीन खोल्या आहेत, स्वयंपाकघराला खिडकी आहे, पण तिथे कथलाचा वास येत नाही. कधीकधी मला त्याची आठवण होते, हे सांगायला थोडी लाज वाटते.

दर रविवारी रेकॉर्ड पुसायच्या असत. आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घ्यायचा, रेकॉर्ड दोन तळहातांच्या मध्ये कडांनी धरायची आणि गोल फिरवत पुसायची. माणसांच्या आवडीनिवडीबद्दल मला जे काही कळतं ते त्या फडक्याने शिकवलं. ज्या गाण्याला मागणी, ती रेकॉर्ड राखाडी, ओरखडलेली, म्हाताऱ्या माणसाच्या नखासारखी. ज्याला कोणी विचारत नाही ती काळीभोर, तोंड दिसेल इतकी चकचकीत. ट्रंकेला दोन खण होते. पुढच्या खणात ओळखीची गाणी, मागच्यात अनोळखी. मागचा खण कितीतरी मोठा होता. वसईच्या एका रेडिओवाल्याने दुकान बंद करताना न खपलेल्या रेकॉर्डचा गठ्ठा बाबांना देऊन टाकला होता. आमच्या गावात कोणी ऐकल्या नव्हत्या अशा साठ-सत्तर रेकॉर्ड त्या खणात झोपून होत्या. आणि पुढच्या खणात, अगदी हाताशी, एक रेकॉर्ड होती जिच्या मधल्या गोलावरचा कागद पिवळा होता. तिचं नाव कोणी घेत नसे. मागणी यायची ती अशीच, "हरीभाऊ, पिवली लावा!" नवरानवरीच्या थट्टेचं, टाळ्यांच्या ठेक्याचं गाणं होतं ते. ते लागलं की म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर खोचून उठायच्या.

आजकाल लग्नाच्या हॉलमध्ये डीजे काचेमागे उभा असतो, कानावर एक डबी, समोर संगणक, त्यात हजारो गाणी. मी त्याच्याकडे बघत राहते. इतक्यातून हा कसा निवडत असेल, असा प्रश्न मला अजून पडतो. बाबांकडे हजारो नव्हती, पण नियम पक्के होते. मांडवात पोचल्यावर पहिलं देवाचं. मग येणाऱ्या पाहुण्यांसाठी सगळ्यांच्या ओळखीचं, पण हळू. नवऱ्याला हळद लागताना धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणणारी बाई, धवलं गायला बसली की मशीन बंद. त्या वेळी कोणी मंत्र्याने सांगितलं असतं तरी बाबांनी बटण दाबलं नसतं. नाचाला पुढचा खण. आणि जेवणाच्या पंगतीला मागचा खण.

"नवीन गाना नव्या सुनेसारखा," बाबा म्हणायचे. "पयल्याच दिवशी तिला आंगनात नाचवशील काय? आदी वाढपाला घ्याची. पानात भाकरी वाढता वाढता लोकांना तिचा तोंड दिसल. मंग ती हक्कानं घरात फिरल."

आणि ते खरंच तसं करायचे. मटण-भाकरीची पंगत बसली की मागच्या खणातली एखादी चकचकीत रेकॉर्ड निघायची. भरल्या तोंडाचा माणूस अनोळखी गाण्याला शिव्या देत नाही. एकच गाणं तीन लग्नांत, तीन पंगतींना लागायचं. चौथ्या लग्नात कोणीतरी रस्सा ओरपता ओरपता मान वर करून म्हणायचं, "हरीभाऊ, ता परवाचा लावा ना." त्या दिवशी घरी आल्यावर बाबा ती रेकॉर्ड मागच्या खणातून काढून पुढच्या खणात ठेवायचे. काही बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी ते आईकडून चहा मागून घ्यायचे आणि बशीत ओतून मोठ्याने भुरकायचे. त्या सगळ्या वर्षांत अशा सात रेकॉर्ड पुढे आल्या. मी मोजल्या आहेत.

मी दहावीत असताना एक दिवस आईच्या हातून बाबांच्या पाठीमागे पितळी हंडा पडला. शेजारच्या तीन घरांतल्या बायका धावत आल्या. बाबा तार सोलत होते, ते सोलत राहिले. आई त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. हंडा उचलायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही. पंधरा वर्षं भोंग्याच्या तोंडाशी बसलेल्या माणसाचे कान गेले होते, हळूहळू, त्याचं त्यालाही न कळता. नंतर बाबांनीच कबूल केलं, की बरेच दिवस आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. आणि लगेच म्हणाले, "बाहेर बोलू नको. बहिऱ्याच्या साऊंडला कोन बोलवल?"

तेव्हापासून मी त्यांचे कान झाले. आईला अक्षरओळख नव्हती, रेकॉर्डवरचं वाचता येत नव्हतं, आणि तिचा दिवस मिठागरावर जायचा. मला भावंड नाही. बाहेर सांगायचं ते असं, की जया फर्माईशीच्या चिठ्ठ्या वाचायला बसते. मी मशीनशेजारी गोणपाटावर बसायची, चिठ्ठ्या घ्यायची, रेकॉर्ड काढून बाबांच्या हातात द्यायची आणि ते पिन टेकवायचे. आमच्या खुणा ठरल्या होत्या. गुडघ्यावर एकदा टिचकी म्हणजे आवाज कमी करा. दोनदा म्हणजे माईक शिट्टी मारतोय. चिमटा म्हणजे मागून कोणीतरी हाक मारतंय, वळा. गावात तोवर सगळ्यांकडे कॅसेटची मशीन आली होती, विरारला तर सीडी आणि रंगीत दिवे. लोक बाबांना म्हणायचे, "हरीभाऊ, किती दिवस ह्या थाळ्या फिरवनार?" बाबा हसून म्हणायचे, रेकॉर्डचा आवाज गोड असतो. खरं कारण आम्हा तिघांनाच माहीत होतं. कॅसेटमध्ये गाणं कुठवर आलं ते दिसत नाही. रेकॉर्डवर पिन दिसते. ती मध्याशी आली की गाणं संपत आलं, एवढं बहिऱ्या माणसालाही कळतं.

पण एक गोष्ट दिसत नव्हती. पिवळी एका ठिकाणी अडकायची. दुसऱ्या कडव्यात, नवरी रुसते तिथे, पिन त्याच रेघेत फिरत राहायची आणि तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा. तिथे पिनेच्या दांडीला करंगळीने अगदी हलका धक्का द्यावा लागे. तो माझा धक्का. कडवं सुरू झालं की मी करंगळी दांडीजवळ नेऊन थांबायची. एका हळदीत पिवळी पाच-सहा वेळा लागायची. त्या दिवसांत माझी करंगळी झोपेतसुद्धा हलते, असं आई म्हणायची. पिवळी वाजत असताना मला उठता येत नसे, आणि पिवळीशिवाय कोणाचं लग्न होत नसे. अख्खा लग्नाचा हंगाम, मार्गशीर्षापासून जूनपर्यंत, मी त्या तीन शब्दांच्या काठावर बसून काढला. मला ते गाणं ऐकू येईनासं झालं होतं. नुसती ती जागा ऐकू यायची.

मागच्या खणात एक रेकॉर्ड माझी होती. तिच्यावरचा कागद अर्धा निघालेला, गाणारीचं नाव गेलेलं. किंचित घोगऱ्या आवाजाची बाई खाडीपलीकडच्या कुणाला तरी हाक मारते, आणि प्रत्येक ओळीनंतर थोडा वेळ थांबते, उत्तर येईल म्हणून. उत्तर येत नाही, ती पुढची ओळ घेते. बस, एवढंच. नाचायला ठेका नाही, ओठावर बसेल असं काही नाही. बाबांनी ती कधी पंगतीलासुद्धा लावली नव्हती. भोंगे बंद ठेवून मी ती घरी एकटी असताना लावायची. पिनेतून येणारा मुंगीएवढा आवाज, त्याला कान लावून.

बारावीनंतर मी हट्टाने वसईच्या कॉलेजात नाव घातलं. आमच्या घराण्यात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तिथे अर्थशास्त्राला डिसोझा मॅडम होत्या, वसईच्या वाडीतल्या, पांढऱ्या कडक सुती साडीतल्या. माझ्या वहीत तारांची आकृती बघून त्या एकदा हसल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांनी मला धरूनच ठेवलं. दुसऱ्या वर्षाचा एक पेपर माझा बुडाला, कारण त्या दिवशी कामणला लग्न होतं. मॅडमनी कारण विचारलं. बाबांचं गुपित सांगायचं नव्हतं. पोट दुखत होतं, म्हणाले. "जयवंती, पोट वर्षातून एकदाच परीक्षेच्या दिवशी दुखावं, असं नसतं गं," एवढंच म्हणाल्या आणि मला ग्रंथालयाचं स्वतःचं कार्ड दिलं. त्या बाईंचे उपकार मी कुठल्या शब्दांत लिहू? तो पेपर मी पुढच्या वर्षी सोडवला, तो त्या कार्डावर.

शेवटच्या वर्षाचं वेळापत्रक लागलं तेव्हा मी फळ्यासमोर उभी राहून एकच तारीख दोनदा वाचली. शेवटचा पेपर, सकाळी अकरा. त्याच दिवशी चंदनसारचं लग्न, बाराच्या मुहूर्ताचं. आदल्या दिवशी त्याचीच हळद. चंदनसारचे ते लोक बाबांच्या ओळखीचे, वर्षभर आधी सांगून ठेवलेलं. घरी येऊन मी सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिने थापणं थांबवलं नाही.

"मागल्या टायमाला बी असाच झाला," ती म्हणाली. "या टायमाला गेला तर पुरे आता. मानिकपूरच्या लोकांनी दोनदा विचारलाय."

माणिकपूरचे लोक म्हणजे माझ्यासाठी आलेलं स्थळ. मी बाबांसमोर बसले, ओठ दिसावेत म्हणून अगदी समोर, आणि पुन्हा सांगितलं. बाबा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग ते उठले आणि खोक्याच्या मागे जाऊन, कुठलीही तार तुटलेली नसताना, तार सोलू लागले. "व्हईल कायतरी," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माझ्याशिवाय त्यांना जाता येत नव्हतं, आणि का जाता येत नाही ते कोणाला सांगता येत नव्हतं. आम्ही दोघं एकाच दाव्याला होतो, हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त माझ्या गळ्यातलं दिसत होतं.

टेम्पोत बसून चंदनसारला जाताना मी ते ठरवलं. आज हळदीला साऊंड असा वाजवायचा की त्यांनीच चिडून सांगावं, उद्या येऊ नका. विरारला डीजेवाले हवे तेवढे होते. उद्या त्यांचा डीजे येईल, आणि मी अकरा वाजता बाकावर असेन. किती साधं! बाबांच्या नावाचं काय होईल, याचा विचार मी केला नाही. नाव तर माझंच रंगवलेलं होतं.

चंदनसारला तेव्हा निम्मी शेतं आणि निम्म्या इमारती होत्या. मांडवाच्या एका बाजूला भाताचं खाचर आणि दुसऱ्या बाजूला चार मजल्यांवरून लोक गॅलरीत येऊन बघत असलेले. दुपार नियमाप्रमाणे गेली. देवाचं झालं, पाहुण्यांचं झालं. हिरूमावशी धवलं गायला बसली. ती आसपासच्या दहा गावांची धवलारीण, दात गेलेले, आवाज मात्र तारेसारखा. आम्ही मशीन बंद केली. नवऱ्याच्या गालांना, हातांना हळद लागली. मग पंगत बसली, आणि पंगतीला मी चिठ्ठ्यांमधली ओळखीची गाणी लावून संपवली. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पण हातात दिलेली रेकॉर्ड मुकाट लावली.

उन्हं उतरली, पंगती उठल्या, आणि नवऱ्याचा मामा हळदीने माखलेल्या शर्टात मांडवाच्या मध्यावर येऊन ओरडला, "चला, आता लावा पिवली!" बायकांनी पदर खोचले. पोरं गोल करून उभी राहिली. मी मागच्या खणात हात घातला.

पहिल्या रेकॉर्डला लोक थोडं हसले. वाटलं, चुकून लागली. काहींनी तरीही हात वर करून ठेका शोधला. दुसरी लागली तेव्हा गोल मोडला. इमारतीतून आलेला एक पाहुणा, काळा चष्मा कपाळावर चढवलेला, मशीनपाशी येऊन म्हणाला, "काका, काहीतरी हिट लावा ना यार. हे काय, रेडिओवर शेतीची माहिती द्यायच्या आधी लागतं तसलं!" पोरं खिदळली. मी बाबांना चिमटा काढला नाही. ते पिनेकडे बघत होते.

तिसरी मी माझी दिली.

ती का दिली, याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. लोकांना सगळ्यात नकोशी होईल अशी तीच होती, हे एक. आणि दुसरं, मला वाटतं, आयुष्यात एकदा तरी ती मोठ्याने ऐकायची होती. चारी खोक्यांतून त्या बाईचा घोगरा आवाज निघाला. तिने पलीकडच्याला हाक मारली आणि थांबली. त्या थांबण्यात मांडवातला एकही पाय हलला नाही. मग मामा ओरडला.

"ओ हरीभाऊ! हलदीला आलाव का मयताला?"

सगळा मांडव हसला. बाबा पिनेकडेच बघत होते. मग त्यांनी मान वर केली. गाणं ऐकू येत नसलं तरी पाय दिसत होते. मांडवभर पाय, सगळे उभे. त्यांनी खोक्याच्या लाकडावर तळहात ठेवला आणि तो तिथेच ठेवून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. माझी करंगळी हलत होती, त्या गाण्यात कुठे अडकत नसताना.

बाबांनी पिन उचलली. मांडवात एकदम इतकी शांतता झाली की गॅलरीतलं कोणाचं तरी मूल रडताना ऐकू आलं. मामा जवळ आला. "उतरली नाय का अजून, हरीभाऊ?" तो म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या एकुलत्या भाच्याची हळद होती. बाबांनी त्याचे ओठ वाचले. ते उभे राहिले. माईक त्यांनी घेतला नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज जरा मोठाच असतो, तो सगळ्यांपर्यंत गेला.

"मी दारू पीत नाय. मना आयकाला येत नाय," ते म्हणाले. "चार-पाच वर्सां झाली. चूक माजी हाय. मी बोललो नाय कोनाला."

कोणी हसलं नाही. हिरूमावशी पाटावर बसल्या बसल्या पुढे वाकली. आपण काय म्हणतो ते बाबांना दिसावं म्हणून तिने हात हलवून त्यांना आपल्याकडे बघायला लावलं. "मंग हरी, चार-पाच वर्सां गाना कोन लावतं?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "ही. माजी पोर. जया." आणि थोडं थांबून, "उद्या तिचा कालेजचा सेवटचा पेपर हाय. उद्या आमी येनार नाय. दुसरा कोन तरी बघा." त्यांनी हात जोडले.

मला वाटलं होतं, सुटका झाल्यावर छाती हलकी होते. माझी छाती दगड झाली. मला ओरडून सांगायचं होतं की चूक त्यांची नाही, मी मुद्दाम केलं. मी काही बोलले नाही. आजतागायत त्या मांडवातल्या कोणालाही मी ते सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

मामा कपाळावरची हळद पुसत उभा होता. हिरूमावशी त्याला म्हणाली, "तोंड काय बघतंस? पोरीचा पेपर हाय म्हनतो ना तो? उद्याचा उद्या बघ. आज हलद हाय." मग मला म्हणाली, "लाव गो बाय. पिवली लाव. माजं पाय आखडलं."

बाबांनी पुढच्या खणातून पिवळी काढली आणि माझ्या हातात दिली. स्वतः उठून बाजूला झाले आणि मला त्यांच्या जागेवर बसायची खूण केली. इतकी वर्षं पिन त्यांनी टेकवली होती. त्या दिवशी सगळ्या मांडवासमोर मी टेकवली. गाणं सुरू झालं आणि गोल पुन्हा जमला. बाबांच्या जागेवरून मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते त्यांना रोज दिसायचं. हिरूमावशीचे वाकडे पाय, मामाचे अनवाणी, इमारतीतल्या पाहुण्याचे चकचकीत बुटातले, हळदीने पिवळ्या झालेल्या कितीतरी टाचा. मी त्या गाण्याचा इतकी वर्षं राग केला होता, आणि इथे त्या गाण्यावर सगळ्यांना एकमेकांचं पाऊल माहीत होतं. दुसरं कडवं आलं. नवरी रुसते तिथे मी करंगळी पुढे केली. डोळ्यांत पाणी असल्यामुळे धक्का जरा जास्तच बसला, एक अख्खी ओळ गेली. कोणाला कळलंही नाही. ती ओळ त्यांनी स्वतः म्हटली.

दुसऱ्या दिवशी बाबा मला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला आले. अकरा वाजता मी बाकावर होते. मी पदवीधर झाले. निकालाचा कागद आईने चारही खोक्यांवर ठेवून बघितला, कुठे शोभतो ते. मग मॅडमच्या सांगण्यावरून शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि विरारच्या एका शाळेत लागले. इतकी वर्षं मुलींना अर्थशास्त्र शिकवलं, आणि मागणी-पुरवठ्याचा धडा आला की मला ट्रंकेचे दोन खण दिसायचे. पण जे झालं ते सगळं लिहायचं तर हेही लिहायला हवं, की त्या हळदीनंतर दोन हंगामांत जयवंती साऊंड बंद पडली. 'बहिऱ्याचा साऊंड' हे नाव बाबांच्या पाटीपेक्षा लवकर पसरलं. खोकी एका मांडववाल्याला विकली. त्याने माझ्या नावावर काळा रंग फिरवला, तेव्हा मी ओटीवर उभी होते. मला त्या नावातून सुटायचं होतं ना? मग तो ब्रश फिरताना मी डोळे का मिटले? बाबा पुन्हा मिठागरावर गेले, राखणीला. ते एका शब्दाने मला कधी काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मी सुटले असते. त्यांच्या न बोलण्यात मी कित्येक वर्षं कोंडलेली राहिले, त्या हळदीच्या आधी होते त्याहून जास्त.

एक खोकं, मशीन आणि ट्रंक मात्र त्यांनी विकली नव्हती. मी विरारला फ्लॅट घेतला तेव्हा आईबाबांबरोबर तेही आलं. एका सुट्टीच्या दिवशी मी वह्या तपासत बसले होते. आई आत वाल सोलत होती. बाबा ट्रंकेपाशी गेले, मागच्या खणात हात घातला आणि एक रेकॉर्ड काढून माझ्यासमोर धरली. अर्ध्या निघालेल्या कागदाची. "चंदनसारचा गाना," ते म्हणाले. "लाव."

मी पिन टेकवली. त्या बाईने हाक मारली आणि थांबली. बाबा खोक्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी लाकडावर तळहात ठेवला, त्या दिवशी ठेवला होता तसाच. डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मी समोर जाऊन बसले, त्यांना ओठ दिसतील अशी, आणि इतक्या वर्षांचं विचारलं.

"बाबा, त्या दिवशी तुमाला कधी कललं?"

"तू दिलीस तवाच," ते म्हणाले. "कशी चकाकत व्हती. पिवली काय अशी चकाकते?"

"मंग लावलात कशाला?"

त्यांना प्रश्नच कळला नाही, असं मला वाटलं. मी पुन्हा विचारणार होते. त्यांनी हात हलवून थांबवलं.

"तू दिलीस ना," ते म्हणाले.

मग त्यांनी रेकॉर्ड काढून घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली, उजेडात धरून बघितली आणि ट्रंकेपाशी जाऊन पुढच्या खणात ठेवली. आतून आईने चहाला हाक मारली. ती त्यांना ऐकू आली नाही. झाकण लावता लावता ते माझ्याकडे वळून म्हणाले, "गाना चांगला हाय गो. पन जेवनाच्या टायमाला लावाचा."